सोडतीत लागलेले कॉन्डॉर

आरेकिपा,
३ जून १९९८

चि. बेनिता हिस,
अनेक आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही, तेव्हा तू बरी असशील असं धरून चालते. इथे मी ठीक. जूनच्या थंडीनं गुडघे कुरकुरतात, पण घरात तेवढीच सोबत.

बातमी अशी की चर्चच्या सोडतीत मला बक्षीस लागलं. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर होता, दुसरं ब्लँकेट. मी मेरीमातेकडे कुकर मागितला होता. लागलं तिसरं: कॉन्डॉर बघायची एक दिवसाची सहल, गाइडसकट आणि नाश्त्यासकट! आता हस. माझं सगळं लहानपण कोल्का दरीच्या कड्यावर गोफण घेऊन गेलं. ही थोरली गिधाडं, हे काळे दरोडेखोर कोकरांवर झडप घालतील म्हणून आभाळाकडे बघून बघून मान आखडायची. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी मला बसमध्ये बसवून, मांडीवर पांघरूण घालून, तेच दाखवायला नेणार. मी फादरना विचारलं, याच्या बदल्यात ब्लँकेट मिळेल का. ते म्हणाले, आकाशातल्या गोष्टींचा असा सौदा करू नये.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सहल थांबते कुठे? तर कड्यावरच्या त्याच कट्ट्यावर, जिथे तू लोकरी टोप्या आणि सांकायोची आंबट फळं विकायला बसतेस. तेव्हा ऐक. चार जुलैचा शनिवार ठरला आहे. येताना मी तुला घेऊनच येणार. परतीच्या बसमध्ये तुझ्यासाठी जागा मागून ठेवली आहे. पावसात तू जिन्यावरून पडलीस तेव्हा शेजाऱ्यानं उचललं म्हणून वाचलीस. पुढच्या वेळी शेजारी घरी नसला तर? नोर्का नोकरीसाठी ताक्नाला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. भिंतींना चुना दिला, गादी नवी भरली. खिडकीतून मिस्ती ज्वालामुखी दिसतो. तुझं बोचकं बांधून ठेव आणि कोंबड्या कुणाला द्यायच्या ते आताच बघ.

उत्तर बसच्या कंडक्टरकडे दे, टपालात टाकू नकोस. माया कमी होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझी ताई,
रुफिना

---

काबानाकोंदे,
१२ जून १९९८

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि इतकी हसले की कोंबड्या घाबरून भिंतीवर चढल्या. ताई, तुला खिंडीत कागदी पिशवी देतील, ओकारी आली तर असावी म्हणून. ती घे आणि आशीर्वाद दे. चिवाय गावात कोकाच्या पानांचा चहा पाजतील आणि हळू चाला म्हणून सांगतील. तू त्यांना धावून दाखवू नकोस म्हणजे झालं.

पण ताई, जुलैत कशाला येतेस? फार गर्दी असते. धूळ, गाड्या, कॅमेरे. कॉन्डॉरसुद्धा कंटाळून लांब लांबून जातात. ऑक्टोबरात ये, निवांत. सोडतवाल्यांना तारीख बदलून मागता येत नाही का?

माझा पाय अगदी बरा आहे. छप्पर गळत होतं ते दुरुस्त झालं. जिन्याला कठडा लागला. पाणीही आता अंगणापर्यंत येतं, नळाला नवी रबरी नळी जोडली आहे. यंदा मका असा आला आहे की कणसं बघत राहावीत. सोबत थोडा भाजलेला मका आणि चीज पाठवते.

परतीच्या जागेचं म्हणशील तर ती सोडून दे. कुणा थकल्या पाहुण्याला मिळू दे. कुत्री आहेत, कोंबड्या आहेत, कार्मेन मातेची जत्रा तोंडावर आली आहे. अशी कशी येऊ? आणि एकटी एकटी काय म्हणतेस सारखी? मी कुठे एकटी असते?

राग मानू नये. लहान समजून लोभ ठेवावा.

तुझी,
बेनिता

---

आरेकिपा,
२० जून १९९८

चि. नोर्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मावशी आजारी आहे. तिनं लिहिलेलं नाही, पण मला कळलं.

तुला ठाऊक आहे तिची पत्रं कशी असतात. छप्पर गळतं, दात दुखतो, कुत्र्यानं अंडी खाल्ली, पंचायतीचा सेक्रेटरी गाढव आहे. आणि परवाच्या पत्रात एक तक्रार नाही! छप्पर दुरुस्त, कठडा लागला, नळाला नळी आली. कुठून आली? कुणी जोडली? वर मला सांगते की ऑक्टोबरात ये. ज्या बहिणीनं दर पत्रात ये ये म्हणून माझा जीव खाल्ला, ती मला येऊ नको म्हणते. माणूस मरायला टेकलं की असं गोड बोलायला लागतं. तुझे बाबा शेवटच्या महिन्यात माझ्या सुपाची तारीफ करायला लागले होते, तेव्हाच मी ओळखलं होतं.

मी चार तारखेला जाणार म्हणजे जाणार. पिशवीत मलम, पट्ट्या आणि डॉक्टरनं मला दिलेल्या गोळ्या घेतल्या आहेत. तिला उचलून बसमध्ये घालावं लागलं तरी घालीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया असू दे.

तुझी आई

---

ताक्ना,
२७ जून १९९८

ति. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. शाळेत परीक्षा चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

आई, तक्रार नाही म्हणजे आजार, हे तुझं गणित मला पटत नाही. माणूस बरा असला तरी तक्रार करत नाही, हे तुझ्या हिशेबात कुठेच नाही का? तू कॉन्डॉर बघायला चालली आहेस, तर कॉन्डॉर बघ. मावशीला तपासायला जाऊ नकोस. आणि काही बघितलंस तर बोलायच्या आधी दहा वेळा श्वास घे. तसंही त्या उंचीवर घ्यावाच लागतो.

याहून जास्त मी काही लिहिणार नाही, कारण मला काहीच माहीत नाही.

तुझ्या मायेतलीच,
नोर्का

---

काबानाकोंदे,
८ जुलै १९९८

चि. नोर्का हिस,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून दचकू नकोस. तुझ्या मावशीच्या घरी आहे, धडधाकट आहे. बस मला सोडून गेली नाही, मीच बसला सोडलं. आणि तुला काहीच माहीत नव्हतं म्हणे! त्याचं बघू भेटल्यावर.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. कोंबडं आरवायच्या आत बस दारात आली. गाइडचं नाव एवेर. काटकुळा मुलगा, पण आवाज असा की पाद्री व्हायचा तो चुकून गाइड झाला. लिमाचं एक नवं जोडपं होतं, बाकी सगळे गोरे. खिंडीत लिमाच्या नवरदेवाला इतकं गरगरलं की त्यानं माझ्या पावाच्या पिशवीत ओकून ठेवलं. मी त्याला कोकाची पानं चघळायला दिली आणि त्याच्या बायकोला सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, नीट विचार कर. ती इतकी हसली की नवरदेवही हसला आणि त्याला बरं वाटलं.

मी याच दरीतली, हे एवेरला कळलं. त्यानं माइक माझ्या हातात दिला आणि कॉन्डॉरबद्दल दोन शब्द सांगा म्हणाला. मी सांगितलं, चोर आहेत, आपापली कोकरं सांभाळा. त्यानं ते इंग्रजीत सांगितल्यावर सगळी बस खदखदली. मग तो म्हणाला की कॉन्डॉर बहुतेक मेलेलं जनावरच खातो, उचलून न्यायला त्याची नखं बनलेलीच नाहीत. मी विचारलं, मग आमचं ठिपक्याचं कोकरू काय स्वतः उडून गेलं? तर बेरकी पोरगा म्हणाला, सेन्योरा, तुमच्या काळातले कॉन्डॉर वेगळे असतील. पोरगा गोड आहे. लग्न झालेलं नाही, हे आपलं सहज लिहिते.

कड्यावर पोचलो तेव्हा ऊन दरीत उतरत होतं. एवेरनं सगळ्यांना कठड्याशी उभं केलं. दरी तापली की गरम हवा वर येते आणि तिच्यावर बसून ते येतात, पंख हलवायचीसुद्धा तसदी घेत नाहीत, असं तो सांगत होता. सगळे खाली बघायला लागले. मी उलटी वळले आणि दुकानांच्या रांगेत बेनिताला शोधायला लागले. पिवळी, वाळलेली, काठी टेकत बसलेली बाई शोधत होते, म्हणून दोनदा तिच्यासमोरून गेले तरी ओळखलं नाही.

नोर्का, तिच्या डोक्यावर नवी कोरी टोपी होती. आपल्या काबानाकोंद्याचीच भरतकामाची, पण असं भरतकाम मी कुणा नवरीच्या डोक्यावरही पाहिलं नाही. फुलं, मासे, पक्षी, बोटभर जागा मोकळी नाही. आणि ती तोंड उघडून हसत होती. तुटक्या दातापायी जन्मभर तोंडावर हात धरून हसलेली बाई, हात खाली सोडून हसत होती! कारण शेजारी एक माणूस उभा होता. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. एका हातानं तिच्यावर छत्री धरली होती आणि दुसऱ्या हातानं तिच्या शालीवरचं काही तरी वेचत होता. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पांढरी! म्हणजे वरच्या गावांतला, यांके गावाकडचा. तुझ्या आजोबांनी त्या गावच्या माणसाला उंबऱ्याच्या आत पाणीसुद्धा दिलं नसतं.

तेवढ्यात कठड्याशी सगळ्यांचा एकदम हा! असा आवाज झाला. आमच्या तिघांवरून एक मोठी सावली सरकत गेली. मी मान वर केली नाही. लोक समुद्र ओलांडून जे बघायला येतात ते माझ्या डोक्यावरून गेलं, आणि मी त्या छत्रीकडे बघत होते.

पुढचं लिहायला लाज वाटते. तू सांगितलेले श्वास मी घेतले नाहीत. हे कोण, म्हणून विचारलं. बेनिता म्हणाली, हे तिमोतेओ, मशिनवर भरतकाम करतात, समोरच राहतात. तो टोपी काढून उभा राहिला आणि एक सांकायो सोलून माझ्यापुढे केला. मी फळाकडे बघितलं नाही. सगळ्या दुकानदारणींसमोर म्हणाले की म्हातारपणी काही जणींची अक्कल जाते हे ऐकून होते, पण ती पांढऱ्या टोपीवाल्याच्या पायी जाते हे आज बघितलं. आणि बेनिताला म्हणाले, चल, ऊठ, बसमध्ये जागा ठेवली आहे. ती म्हणाली की मी काही बोचकं नाही, बसच्या टपावर बांधून न्यायला. आणि तिनं माझ्याकडे पाठ फिरवली.

मी तरातरा जाऊन बसमध्ये बसले. कॉन्डॉर कसे होते म्हणून लिमाच्या नवरीनं विचारलं. मी म्हटलं, काळे.

बस सुटली. थोडी पुढे गेल्यावर मागच्या गोऱ्यांनी गलका केला. वळून बघते तर धुळीतून एक माणूस धावत येतो आहे. एका हातात पांढरी टोपी, दुसऱ्या हातात माझी पिशवी. मलमांची पिशवी रागाच्या भरात तिथेच राहिली होती. त्या उंचीवर, त्या वयात, ते पोट घेऊन तो धावत होता. पोरं फोटो काढत होती. एवेरनं बस थांबवली. तिमोतेओनं पिशवी माझ्या हातात दिली, पण धाप लागून त्याला बोलता येईना. एवेरनं पाणी दिलं. मग तो म्हणाला की बेनितानं ताईसाठी कालच पाळलेल्या गिनीपिगांतली एक कुई कापून मसाल्यात घातली आहे, उशीला नवा अभ्रा शिवला आहे, आठवडाभर घर झाडते आहे. मी ताईंना नको असेन तर आज यांकेला भावाकडे जातो. ताईंनी बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर येणार नाही. पण ताईंनी उतरावं, कारण तिला रडताना बघायची मला सवय नाही.

नोर्का, तुझे बाबा देवमाणूस होते, पण माझ्यासाठी ते बसमागे कधी धावले नाहीत.

मी उतरले. सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या, मूर्ख कुठले. तो माझी पिशवी घेऊन मागून चालत आला. मला बेनिताच्या दुकानाशी पोचवलं आणि खरंच पहिल्या ट्रकनं यांकेला गेला. मशिनसुद्धा नेलं नाही.

जेवणापर्यंत बेनितानं माझ्याकडे न बघता भांडी आपटली. मग कुईचं डोकं कुणी खायचं यावरून आमचं लहानपणासारखं भांडण झालं, आणि सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी गाड्या यायच्या आत ती मला गावाखालच्या कड्यावर घेऊन गेली. आम्ही दोघी शाली लपेटून बसलो. पुष्कळ वेळ काहीच नाही. मग खालून, आमच्या पायांखालून, एक वर आला. पाठीवर पांढरा पट्टा, गळ्यात पांढरी लोकरीची कॉलर, जसा काही रविवारच्या प्रार्थनेला निघाला आहे. इतक्या जवळून गेला की पंखांतून वारा फाटल्याचा आवाज ऐकू आला. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझा हात आपोआप जमिनीवर दगड शोधायला लागला, तशी बेनितानं फटकन हातावर मारलं. मागून मादी आली, आणि तपकिरी रंगाचं एक पिल्लू, धडपडत, वाऱ्यावर डुलत. दोघं पुढे जाऊन वळायची, त्याला गाठू द्यायची, पुन्हा पुढे जायची. जन्मभर मी यांच्याकडे बघत आले, पण तेव्हा नजर कोकरांवरून येणाऱ्या सावलीवर असायची. ते घर करून राहतात, हे मी पहिल्यांदा बघितलं.

तिथेच तिनं सगळं सांगितलं. पावसात ती पडली तेव्हा उचलणारा शेजारी म्हणजे हाच. छप्पर त्यानं केलं, कठडा त्यानं लावला, नळी त्यानं ओढली. सात वर्षं झाली त्याची बायको जाऊन. तुझ्या मावशीनं मला सांगितलं नाही, कारण तिला माझी भीती वाटते. माझी!

आता एक गोष्ट फक्त तुला लिहिते. मला राग त्या टोपीचा आलाच नव्हता. नवी गादी भरताना मी किती आनंदात होते ते तुला कसं सांगू! तू गेल्यापासून संध्याकाळी रेडिओ लावून ठेवते, बातम्यांसाठी नाही, घरात कुणी तरी बोलत असावं म्हणून. वाटलं होतं, आता बेनिता बोलेल. हे तिला कळवू नकोस.

परवाच्या बसनं आरेकिपाला परत जाईन. यांकेवरून जाताना उतरून त्या माणसाला निरोप देईन, मशिनवर धूळ बसते आहे म्हणून.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

---

काबानाकोंदे,
२१ जुलै १९९८

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरात रेडिओ चालू असेल तर आधी बंद कर आणि मग हे पत्र वाच. नोर्कानं मला काहीही लिहिलेलं नाही, असंच समज.

जत्रा झकास झाली. तुझा निरोप मिळाला त्याच दिवशी तिमोतेओ परत आले. म्हणतात की तू यांकेत त्यांच्या भावाच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, की कामं टाकून इथे काय बसलात. भाऊ घाबरून मागच्या दारानं पळाला. तिमोतेओ ही गोष्ट रोज कुणाला तरी सांगतात आणि दर वेळी तुझा आवाज थोडा वाढवतात.

आम्ही सप्टेंबरात लग्न करणार आहोत. एवढंच वाक्य लिहायला दोन दिवस गेले. आई नाही, बाबा नाहीत, तेव्हा लग्नाची धर्ममाता म्हणून माझ्या शेजारी तूच उभी राहावीस अशी फार इच्छा आहे. तुझं मन नसेल तर स्पष्ट लिही, मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण कळवणार नाही.

मी आरेकिपाला राहायला येणार नाही, ताई. सकाळी दरीवर ऊन पडलेलं दिसलं नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पण पावसाळ्याचे महिने, डिसेंबर ते मार्च, इथे रस्ता चिखलात जातो, पाहुणे नाहीत, कट्टा ओस असतो. तेव्हा आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ का? तिमोतेओ मशिन घेऊन येतील. मशिनचा आवाज फार होतो, आधीच सांगते. आणि ते काम करताना गातात. तेही सांगायला हवं.

तुझ्या स्कर्टचं माप पाठव. काठाला काय भरायचं ते तिमोतेओ विचारत होते. मी म्हटलं, कॉन्डॉर भरा. ते म्हणाले, मला अजून जगायचं आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तर बरंच.

तुझी,
बेनिता

---

आरेकिपा,
३० जुलै १९९८

चि. बेनिता हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

एवढं एक वाक्य लिहायला दोन दिवस घालवलेस, तू अजून तशीच वेंधळी आहेस. धर्ममाता म्हणून उभी राहीन. दुसरं कुणी उभं राहिलं असतं तर मी तिला ढकलून उभी राहिले असते.

आता माझ्या अटी. लग्नाचं जेवण मी करणार, तुझ्या हातचं सूप पाहुण्यांना नको. बँड चांगला हवा. नोर्काला शाळेतून रजा घ्यायला मी लिहिलं आहे, आणि त्या एवेरलाही निमंत्रण द्यायचं आहे. कारण विचारू नकोस. पावसाळ्यात दोघं या आणि रस्ता वाळल्याशिवाय जायचं नाव काढू नका. मशिन खिडकीशी लावू, तिथे उजेड चांगला येतो. गाण्याचं म्हणशील तर सूर कसा आहे ते ऐकून ठरवीन. माप सोबत आहे. कंबरेचा आकडा तिमोतेओंनाच वाचू दे, तू वाचायचा नाहीस.

काल तुझं पत्र वाचताना, भाऊ मागच्या दारानं पळाला तिथे पोचले आणि स्वयंपाकघरात एकटीच इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची लेओकादिया धावत आली. तिला वाटलं, घरात कुणी पाहुणे आले. मी सांगितलं, पाहुणे नाहीत, माझ्या बहिणीचं लग्न ठरलं आहे. तिनं डोळे विस्फारले आणि विचारलं, या वयात? कुणाशी?

लेओकादिया आपल्या काबानाकोंद्याचीच, तुला ठाऊक आहे ती कशी आहे. मी हात पुसले, तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, यांकेचे आहेत, भरतकाम करतात, सगळ्या कोल्कात तसा हात नाही. ती नाक मुरडून म्हणाली, यांकेचे? म्हणजे पांढऱ्या टोपीवाले?

मी म्हटलं, हो. आमचे आहेत ते.

माया अशीच असो.

तुझी ताई,
रुफिना